पर्सला गुण नाहीत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे सध्या सहाच अंगांनी, उगाच आठ कशाला लिहू). इकडे आम्ही सगळे ठीक. तुझी जिन्यावरची धाप कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "कसली धाप?" म्हणशील आणि गेले आठ महिने आपण जिथे आहोत तिथेच राहू. समोर बोलायला गेलो की तू मला वाळत घातलेले कपडे काढायला पाठवतेस, म्हणून एकाच गावात राहून पत्र लिहितो आहे.

मी पेशंट झालो आहे. घाबरू नकोस, खोटा. आमच्या मेडिकल कॉलेजात आता विद्यार्थ्यांना पेशंटशी बोलायला शिकवतात आणि त्याची परीक्षाही घेतात. परीक्षेत पेशंट व्हायला जो माणूस येणार होता, तो खरंच आजारी पडला. तेव्हा शिकवणाऱ्या बाई सरळ ग्रंथालयात आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही चेहऱ्याने चालाल. एकोणीस वर्षं ज्या मुलांना मी "शांतता राखा" ही पाटी दाखवली, त्यांना बोलतं करायचं काम असं माझ्याकडे आलं.

बाईंनी एक कार्ड दिलं. त्यावर पोटदुखी होती, आणि गोळ्या मी स्वतःच्या मनाने बंद केल्या आहेत हे नीट विचारल्याशिवाय सांगायचं नाही, अशी सूचना होती. तालमीत बाईंनी नुसतं काय होतंय म्हणताच मी सांगून टाकलं की पाठ सोडली तर काही होत नाही. (तुला आठवत असेल, लपाछपीत राज्य असणाऱ्याला फार शोधावं लागू नये म्हणून मी आपणहून बाहेर यायचो.) बाई म्हणाल्या, मग एखादं खरं दुखणं आणा. माझ्याकडे परीक्षेच्या लायकीचं दुखणं नव्हतं. ताई, मी तुझं नेलं. न विचारता नेलं. डायरीत त्याच दिवशी तशी नोंद आहे.

तुला वाटतं कुणाला माहीत नाही. पण रविवारी भाजीच्या पिशव्या घेऊन मी तुझ्या मागेच असतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तू थांबतेस, खांद्यावरच्या पर्समध्ये हात घालून दोन मिनिटं किल्ली शोधतेस, आणि किल्ली तुझ्या दुसऱ्या हातात असते.

हे मी बारा मुलांना माझं म्हणून सांगितलं, शब्दही न बदलता. परीक्षा वीस गुणांची. अभिवादनाला एक, नाव विचारायला एक, डोळ्यांत बघून बोलायला तीन, सहानुभूतीला चार, असं करत वीस. पहिला मुलगा आत आला आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला की तो समजू शकतो. दुसरीने तीन गुणांसाठी माझ्या डोळ्यांत असं रोखून पाहिलं, की आपल्या हातून नक्की काय घडलं असावं हे मी आठवू लागलो. तिसऱ्याने कागदी रुमाल पुढे धरला. मी रडत नव्हतो. पण त्याचा हात खाली येईना, मागे परीक्षक लिहीत बसलेले, शेवटी मी नाक शिंकरलं. (ही कॉपी धरतात का, याचा निर्णय अजून झालेला नाही.) अकरा जणांनी माना डोलावल्या आणि जिने कमी चढा म्हणून सांगितलं.

शेवटच्या मुलीला बाकीचे पुटपुटी म्हणतात. ती अभिवादन विसरली, नाव विचारायचं विसरली आणि सगळा वेळ माझ्या चपलांकडे बघत बसली. मी पर्सपाशी आलो तेव्हा तिने चपलांनाच विचारलं, "काका, पर्स कुणाची?"

ताई, मी चाळिशी उलटलेला मिशीवाला माणूस. अकरा भावी डॉक्टरांसमोर मी खांद्यावरची नसलेली पर्स चाचपली होती आणि एकालाही काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी म्हणालो, ताईची. तिने विचारलं, "त्यांनी कुणाला सांगितलंय?" मी म्हणालो, कुणालाच नाही. मग रुमाल मी मागून घेतला. ही कॉपी नव्हती.

तिला वीसपैकी सहा मिळाले. मी बाईंना दोन पानी अर्ज दिला. त्या म्हणाल्या, पर्सला गुण ठेवलेले नाहीत. ठेवायला हवे होते हेही त्यांनी कबूल केलं, पण लेखी द्यायला तयार झाल्या नाहीत.

तब्येतीला जप, असं लिहायची पद्धत आहे. मी ते मनापासून लिहितो आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. पुटपुटीची फेरपरीक्षा गुरुवारी सकाळी दहाला आहे आणि या वेळी त्यांना खरा पेशंट हवा आहे. तीस वर्षांत तू तुझ्या वर्गातल्या एकाही पोराला गणितात नापास होऊ दिलं नाहीस. तेवढ्यासाठी ये.

ता.क. २. वरचं खोटं आहे. फेरपरीक्षा कालच झाली आणि ती पास झाली (धास्तीने अभिवादन दोनदा केलं म्हणे). गुरुवारी दहाला हृदयाच्या डॉक्टरांकडे मी तुझं नाव घातलं आहे. पुटपुटी तिथे असेल. "आणा त्यांना, मी विचारते," एवढंच म्हणाली. पहिला ता.क. खोडणार होतो, पण तोच वाचून तू येशील असं वाटलं, म्हणून राहू दिला.

ता.क. ३. तपासणी तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. जिनाच चढायचा म्हणालीस, तर दुसऱ्या वळणावर मीही थांबेन. किल्ली दोघं मिळून शोधू.