डाव्या हाताची मूठ

मी, अ‍ॅम्ब्रोज हार्गेट, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा कापसाची शेती, राहणार टॅलिस काउंटी, राज्य जॉर्जिया, आज पूर्ण शुद्धीत, पोटात मक्याची भाकरी आणि काकवी याखेरीज दुसरं काही नसताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक घालायला घरात कोणी उरलेलंच नाही. लोक मला कॅप्टन म्हणतात. उत्तर-दक्षिणेच्या युद्धात मी सार्जंट होतो. बढती गावाने दिली. डावा हात कोपराच्या वरपासून नाही. कागद धरायला दुसरा हात नसल्यामुळे ओळी वाकड्या जातील, त्याबद्दल वकिलांनी कुरकुर करू नये.

कलम १. माझी पत्नी लव्हिनिया आणि मुलगा टॉमस एकाच उन्हाळ्यात तापाने गेले, त्यामुळे पोटचा वारस नाही. लव्हिनियाचा भाचा पर्सी दर नाताळात मेकनहून येतो, माझी तब्येत विचारतो आणि डोळ्यांनी पडवी मोजतो. त्याला दिवाणखान्यातलं मोठं घड्याळ द्यावं. ते बंद आहे.

कलम २. नदीकाठची चाळीस एकर जमीन या मृत्युपत्रात येत नाही. जी बाई पस्तीस वर्षं माझा स्वयंपाक करते, तिला ती मी कचेरीत जाऊन वेगळं बक्षीसपत्र करून दिली आहे. आधी मी तिला म्हणालो होतो, "तुझं नाव मृत्युपत्रात घालतो." चुलीवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुमच्या आजोबांच्या मृत्युपत्रात माझ्या आईचं नाव होतं, कॅप्टन. गुलामांच्या यादीत, खेचरांच्या खालच्या ओळीत. तुमच्या घराण्याच्या असल्या कागदावर आमचं नाव एकदा आलं तेवढं पुरे." मी आजोबांचा कागद काढून पाहिला. ओळ तिथेच होती. या कागदात तिचं नाव कुठेही येणार नाही.

कलम ३. माझा धाकटा भाऊ वायली हार्गेट, राहणार रस्त्यापलीकडे, याला आणि त्याच्या वंशाला माझ्या जमिनीतलं मातीचं ढेकूळही मिळू नये. कारण द्यावं असा कायदा नाही, पण मला द्यायचं आहे.

आम्ही दोघे एकाच तुकडीत होतो. अठराशे चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात, अटलांटाच्या बाहेर, तोफेचा गोळा आमच्यात पडला. मी कोसळलो. वायली सगळ्यांत जवळ होता. मी त्याचा कोट धरला आणि म्हणालो, "सोडून जाऊ नकोस रे." त्याने हिसका दिला आणि पळाला. तो म्हणतो, जखमीला न्यायची डोली आणायला पळालो. डोली आली हे खरं. ती कोणी धाडली ते देव जाणे. हात कापला. मूठ घट्ट मिटलेली होती, ती उघडायला डॉक्टरला फुरसत नव्हती. वडील गाडी घेऊन आले. त्यांनी मला गवतावर घातलं, हात खिळ्यांच्या खोक्यात घातला, आणि घरी आणून तो परसात सीडरच्या झाडाखाली पुरला.

तेव्हापासून नसलेली मूठ दुखू लागली. नखं तळव्यात रुतायची. आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात, कापलेला हात जसा पुरला असेल तसा दुखतो, आणि उकरून बोटं सरळ केली की थांबतो. पण आपल्याच हाताचं थडगं आपण कसं उकरायचं? आईच्या दफनानंतर सगळे जेवायला बसले होते. दुखणं सोसेना, तेव्हा मी भरल्या पंगतीत म्हणालो, "कोणीतरी ती मूठ उघडा रे." वायली म्हणाला, "अरे दादा, तुझी मूठ जिवंतपणी कधी सुटली नाही, ती मातीत काय सुटणार!" पंगत खो खो हसली. मी ताटावरून उठलो. त्या दिवसापासून बोलणं बंद. चर्चमध्ये तो डावीकडे बसतो, मी उजवीकडे.

सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर निघाला की मला कळतं, तो उठला. उशीर झाला तर हातातली कॉफी थंड होईपर्यंत मी पडवीत उभा असतो. हे त्याला सांगू नये.

कलम ४. आई गेली त्याच वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, भरदुपारी, मी जिनिंगवर कापूस मोजून देत असताना मूठ दुखायची थांबली. दार उघडून कोणी वारा आत घ्यावा तसं वाटलं. घरी येऊन पाहतो तो सीडरखालची माती ताजी. कोणी उकरली ते मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे गरज होती हे कबूल करायचं. पण माझ्यावर एवढी माया कोणी केली, हा विचार मला म्हातारपणी झोपू देत नाही. तेव्हा माझं घर, खेचरं आणि उरलेली सहाशे एकर जमीन त्या माणसाला मिळावी, तो गेला असेल तर त्याच्या मुलांना, मग ती कोणाची का असेनात. मुठीत काय होतं हे मला आणि त्यालाच ठाऊक. वकील टटनॉल यांच्या कानात मी ते सांगून ठेवलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ ज्याने उघडली त्याने येऊन आपलं घ्यावं. मी जिवंत असेतो आला तर जास्त बरं.

ता. ४ मार्च १९०९. सही: अ‍ॅम्ब्रोज हार्गेट.

पुरवणी

वरील मृत्युपत्रात मी पुढील फेरफार करीत आहे.

गेल्या गुरुवारी वायलीच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. कॉफी थंड झाली, तिच्यावर साय धरली, तरी निघाला नाही. मग त्याची मुलगी अल्मायरा, शाळेत शिकवते ती, रस्ता ओलांडून माझ्या पायरीपाशी आली. याआधी तिला तिथवर कोणी येऊ दिलं नव्हतं.

"काका, बाबा गेले," ती म्हणाली. "यायचं असेल तर या. नसेल तर तसं सांगा, म्हणजे लोकांना सांगायला बरं."

बोलणं थेट बापाचं. मी गेलो.

त्याला करडा फौजी कोट घातला होता. आम्हा सगळ्यांना जाताना तोच घालतात. तो कोट घालून वायली दर साली जुन्या सैनिकांच्या मेळाव्याला जायचा, म्हणून मी मेळाव्याला गेलो नाही, म्हणून युद्धानंतर मी तो पाहिलाच नव्हता. वरून दुसरं बटण जाड काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. पोतं शिवावं तसे टाके.

"ते त्यांनी स्वतः शिवलं," अल्मायरा म्हणाली. "आईला हात लावू दिला नाही. का, ते कधी सांगितलं नाही."

मी शवपेटीची कड धरली. माझ्या कापलेल्या मुठीत बटण होतं. पडताना धरलेला कोट सुटला आणि बटण हातात राहिलं होतं.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि कलम २ मधल्या बाईला विचारलं, सीडरखाली कोणी उकरलं.

"विचारलंत एकदाचं!" ती म्हणाली. "वायलीसाहेबच आले होते, फावडं घेऊन. बोटं एकेक करून सरळ केली. मग हातात काहीतरी घेऊन तिथेच मातीत बसले आणि ढसाढसा रडले. मला म्हणाले, त्याने विचारलं तर सांग, नाहीतर नको."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इतकी वर्षं माझ्या हातचं खाताय, कॅप्टन. विचारलंत कधी?"

तेव्हा कलम ३ आणि कलम ४ एकाच माणसावर येऊन पडली आहेत. कलम ३ रद्द. घर, खेचरं आणि सहाशे एकर अल्मायरा हार्गेट हिला मिळावी. ते बटण कोटावरून काढू नका असं मी पेटी बंद करताना सांगितलं. ते त्याचं आहे. रस्ता ओलांडायला मला त्याचं मरण लागलं, आणि याची भरपाई कुठल्याही कलमाने होत नाही, हे मला समजतं.

आणखी एक. त्या दिवसापासून हात पुन्हा दुखतो. बोटं सरळ आहेत हे आता मला पक्कं ठाऊक आहे. मूठ रिकामी आहे म्हणून दुखत असावा. रोज सकाळी मी अजून पडवीत उभा राहतो. अल्मायरा चूल पेटवते, धूर निघतो, आणि तो उठलेला नसतो.

म्हणून शेवटचं कलम. मला लव्हिनियाच्या उजवीकडची जागा राखून ठेवली आहे, ती तशीच रिकामी ठेवावी, ती समजून घेईल, तिनेच मला शंभरदा सांगितलं होतं, "जा, बोल जा त्याच्याशी." मला चर्चच्या आवारात वायलीशेजारी पुरावं, तो माझ्या डाव्या अंगाला येईल असं. सीडरखालचं खोकं उकरून आणावं, त्यावर झाकण ठोकू नये, आणि हात आम्हा दोघांच्या मध्ये ठेवावा.

डोली वायलीनेच धाडली होती. हे माझं म्हणणं आहे, आणि ते नोंदवून घ्यावं.

ठिकाण: टॅलिस काउंटी, जॉर्जिया. ता. १९ नोव्हेंबर १९०९.
सही: अ‍ॅम्ब्रोज हार्गेट, सार्जंट.

साक्षीदार: १. रेव्हरंड ओबेडाया स्पिअर्स, पाद्री. २. लेमुएल क्रॉफर्ड, जिनिंगवाले.