झाकण लावलेले फोटो

४ जानेवारी
पोचलो एकदाचा! साडूचं माळावरचं घर दोन आठवडे माझ्या ताब्यात. एक खोली, पुढे फरसबंद अंगण, टोकाला लाकडी फाटक, त्यापलीकडे एकुलतं एक वठलेलं झाड. आसपास दिव्याचा ठिपका नाही. अंधार पडताच मृग नक्षत्र असं लखलखीत वर आलं, की मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

आणि जळफळाटही झाला, खोटं कशाला लिहू? मी चष्मेवाला, भिंगांत जन्म गेला माझा. पण तारे टिपण्यात नाव कुणाचं, तर दात उपटणाऱ्या साडूचं! बायकोनं आमच्या हॉलमध्ये लावायला त्याचाच फोटो मागून आणलाय. आमच्या हॉलमध्ये! इथून असा फोटो न्यायचाय, की ती फ्रेम खाली उतरली पाहिजे.

५ जानेवारी
ताऱ्यांचे फोटो काढून झाले, की भिंगावर झाकण लावून काही काळे फोटो काढायचे असतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे खोटे ठिपके त्यांत उमटतात. मग संगणकावर ते मूळ फोटोतून वजा करायचे. सगळेच करतात. पण किल्ली देताना साडूनं बजावलं होतं, की तिथे काळे फोटो तेवढे काढू नकोस. कारण विचारलं तर विषय बदलला. मी काय दूधखुळा आहे? स्वतः गुपचूप काढत असणार, म्हणून तर त्याचे फोटो एवढे स्वच्छ. आज काढतोच.

६ जानेवारी
काळ्या फोटोत झाड उमटलंय. झाकण घट्ट होतं, दोनदा तपासलं. तरीही वजा केलं, आणि मृगातला तेजोमेघ असा उमलला, की मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

सकाळी बाहेर आलो तर झाड नाही. खड्डा नाही, भुसा नाही, नुसता सपाट माळ.

८ जानेवारी
या वेळी फाटक. दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, इथे फाटक कधी नव्हतंच. झाडही नव्हतं म्हणे.

निघून जावं असं वाटलं. पण फोटो आणखी सुंदर आलाय.

१० जानेवारी
कॅमेऱ्याशेजारची माझी खुर्ची गेली. फोटो मात्र साडूच्या सात पिढ्यांना जमणार नाही असा. बायकोला पाठवला. तिनं लगेच फोन केला आणि विचारलं, भाऊजींचा कॅमेरा वापरलास का?

रात्रभर डोळा लागला नाही. मग एक गोष्ट सुचली. ती लिहायला हात धजत नाही. पण सुचली.

साडूला फोन करून बोलावलं. गोड बोललो.

११ जानेवारी
आला. अंधार पडल्यावर त्याला अंगणाच्या टोकाला उभं केलं, वर बघायला सांगितलं. ताऱ्यांखाली माणूस छान दिसतो म्हटलं. हसत उभा राहिला बिचारा. मी झाकण लावलं. बटण दाबलं.

तो आत झोपलाय. आता बघतो—

काळ्या फोटोत साडू नाही.

झाड लांब होतं. मग फाटक. मग खुर्ची, अगदी शेजारची. दर वेळी अलीकडे, कॅमेऱ्याकडे— कसं लक्षात आलं नाही? साडू तिथे उभा होता, लांब, आणि मी इथे—

फोटोत मी आहे. बटणावर बोट.

१२ जानेवारी
वजा केलेलं नाही. तो काळा फोटोच पुसून टाकला. तरीही—

बायकोला फोन केला. कोण पाहिजे म्हणाली. नवरा म्हटल्यावर फोन ठेवला.

साडू उठलाय. माझ्या अंगावरूनच गेला. संगणकावर माझा फोटो बघतोय. हाका मारल्या, वळला नाही.

आता तो तिच्याशी फोनवर बोलतोय. मेहुणी मेहुणी करतोय, लग्नाचं कधी बघणार म्हणून चिडवतोय. आणि सांगतोय, काय फोटो मिळालाय मला! ती हसतेय, इथवर ऐकू येतंय. मोठा करून पाठवा म्हणाली—

माझा आहे तो. त्याचा नाही, मी काढला, मी, म्हणजे—