टाळूवरचं तेल

आईला शेवंताचा नमस्कार.

काल डोळ्याला डोळा लागला न्हाई. छकुलीला झटके कशानं येतात ते मशीनवर बघताना ती झोपाय पायजे, म्हणून तिला रातभर जागवायला सांगितलं होतं.

सकाळी तुझ्या सांगण्यावरनं टाळूवर तेल घातलं अन् सगळं वाया गेलं. डोक्याला तारा चिकटंनात. मशीनवाली वरडली, "बाई, मेंदूतली वीज लई बारीक असती, तेलातनं मशीनला कळत न्हाई. डोकं धुऊन उद्या आणा." लई राग आला, तुझा बी, माझा बी.

छकुली दूध पितीय. तुझे गुडघे कसे हायेत?

आज पुन्हा जागवायचंय. मलाच झोप लागली तर? मोबाईल बंद पडलाय, म्हणून चिठ्ठी जीपवाल्याकडं देते.

आईला ही वाचून दाखवणाऱ्यानं भिंतीवरच्या नंबरावर माझ्या भावाला, दिगूला, फोन करावा. दिवस मावळायच्या आत लातूरला दवाखान्यात ये म्हणावं.