कोपरा नसलेलं कार्ड

बिबवेवाडी, पुणे
१ फेब्रुवारी १९९८

ती. मंदाआत्यास अस्मिताचा शि. सा. न.

पत्रास कारण तुझा लाडका भाचा. अवधूतचं अमेरिकेचं नक्की झालं. अठरा तारखेला मुंबईहून विमान, आणि दोन वर्षं तिकडेच. तिथल्या कुठल्याशा बँकेचे कॉम्प्युटर दोन हजार साल उजाडलं की १९०० समजून बसणार म्हणे, ते याने दुरुस्त करायचं. बाबा म्हणाले, इथली बँक सोडून तिथली वाचवायला निघाले. म्हणाले ते मला, अर्थात. त्याच्याशी ते बोलतच नाहीत.

नोव्हेंबरात त्याने बँकेतली कायमची नोकरी सोडली आणि राजीनामा देऊन आल्यावर घरी सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरातली सगळी बोलणी माझ्यामार्फत चालतात. दोघं समोरासमोर जेवतात आणि बाबा मला सांगतात, त्या अमेरिकावाल्याला सांग, मीठ इकडे सरकव. आई असती तर दोघांना दोन-दोन रट्टे दिले असते. मला नुसतं रडू येतं. बाबांचं छातीचं दुखणं तुला ठाऊक आहे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांवर सगळं चाललंय. हा न बोलता गेला आणि मागे काही झालं तर? हे मी कोणापाशी बोललेले नाही.

शनिवारी, सात तारखेला, तो विजापूरला निघालाय, अनिरुद्ध आणि संजय या दोन मित्रांबरोबर. जायच्या आधी गोलघुमट बघायचाच आहे म्हणे. गाडी अनिरुद्धची, नवी मारुती, आणि त्याच्या हातात लायसन्स पडून दोनच महिने झालेत. शनिवारी तुझ्याकडे मुक्काम, रविवारी विजापूर, सोमवारी परत तुझ्याकडे. बाबांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, दर वर्षी फळ्यावर तो घुमट काढला, पण स्वतः एकदाही पाहिला नाही. तुम्हीही चला म्हणायला याची जीभ उचलत नाही, मलाही न्या म्हणायला त्यांची.

आत्या, तुझं तो ऐकतो. तोंडाने जमत नसेल तर त्याला बाबांना दोन ओळी लिहायला लाव. आमचा फोन पंधरा दिवस बंद आहे, केबलसाठी रस्ता खणून ठेवलाय. तेव्हा काय झालं ते पत्रानेच कळव.

तुझी माया आहे म्हणून हे ओझं तुझ्यावर टाकते. ती अशीच असू दे.

तुझी
अस्मिता


सोलापूर
८ फेब्रुवारी १९९८

चि. अस्मितास मंदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

मंडळी काल दुपारी तीनला सुखरूप पोहोचली. अनिरुद्ध गाडी बरी चालवतो, फक्त मागे घेता येत नाही. आज निघताना शेजारच्यांच्या कुंपणाला घासलीच. शेजारचे सगळे लग्नाला अक्कलकोटला गेलेत म्हणून बोलणी वाचली. पोरांनी कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी अशी हाणली की मला पुन्हा कुटायला बसावं लागलं.

तुझं काम केलं. जेवणं झाल्यावर अवधूतला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बापाला लिहिल्याशिवाय उद्या इथून हलायचं नाही. आधी हसला, मग म्हणाला, काय लिहू? मी म्हटलं, जे तीन महिने बोलला नाहीस ते. तुझ्या काकांच्या टेबलाच्या खणात कार्डं पडलेली आहेत, त्यातलं एक घे म्हटलं. हे गेल्याला दोन वर्षं झाली, पण मी तो खण आवरलेला नाही. तासभर पेन चावत बसला होता. लिहिलं किती, तर दोन ओळी. मी वाचल्या नाहीत. चष्म्याची काडी मोडल्याने तो दुकानात टाकलाय, हे पत्रही अंदाजानेच लिहिते आहे. नाहीतर वाचल्याच असत्या.

कालच संध्याकाळी तो स्वतः जाऊन कार्ड स्टेशनवरच्या पेटीत टाकून आला. सोमवारी दादाच्या हातात पडेल. आता तुझा बाप काय करतो ते मला लगेच कळव. लहानपणी रुसला की माडीवर जाऊन बसायचा आणि कोणी बोलवायला येतं का म्हणून जिन्याकडे बघत राहायचा. अजून तसाच आहे, फक्त केस गेले.

काळजी करू नकोस, आणि या म्हातारीवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
मंदाआत्या


बिबवेवाडी, पुणे
९ फेब्रुवारी १९९८, संध्याकाळी सात

ती. मंदाआत्यास शि. सा. न.

हे पत्र तुला लिहिते आहे आणि ते वाचायला तू आहेस की नाहीस हे मला माहीत नाही. काय लिहिते आहे मलाच कळत नाही. तुझं पत्र अजून आलेलं नाही.

सहाला ऑफिसातून आले तर घराला कुलूप. धुणं-भांडी करणाऱ्या वेणूबाई जिन्यात बसून होत्या. त्या म्हणाल्या, दुपारी पोस्टमनने कार्ड दिलं. बाबांनी ते दारातच हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. उंबरठ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले आणि खाली जाऊन कचऱ्याच्या पेटीत टाकले. मग अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलं, पिशवी भरली आणि सोलापूरला जातो एवढंच सांगून स्वारगेटला गेले. कोण, काय, विचारायची वेणूबाईंची छाती झाली नाही. मी त्यांना म्हटलं, कार्डात होतं तरी काय? तर म्हणाल्या, मला वाचता येत नाही, पण कार्डाचा कोपरा फाडलेला होता.

मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, आत्या. वेणूबाईंनीच सांगितला. माणूस गेल्याचं कळवतात त्या कार्डाचा कोपरा फाडतात, आणि ते घरात न घेता बाहेरच फाडून टाकतात. मी खाली जाऊन पेटी बघितली. ती दुपारीच रिकामी झाली होती.

मग कोण? माझ्या डोळ्यांसमोर ती मारुती येते. बूथवरून तुझ्या शेजारच्यांचा फोन सात वेळा फिरवला, नुसती घंटी वाजते. मीच निघणार होते. पण मागे बाबा परत आले, किंवा पोलिसांचा कोणी निरोप घेऊन आला, तर घर बंद नको.

आणि बाबांच्या गोळ्या टेबलावरच राहिल्यात. ही चिठ्ठी आणि गोळ्या बापूरावांबरोबर पाठवते. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, एसटीत कंडक्टर आहेत. उद्या पहाटेची सोलापूर गाडी त्यांची आहे, आणि दुपारी तीच गाडी घेऊन ते परत निघतात. जो कोणी हे वाचेल त्याने त्यांच्याकडे एक ओळ द्यावी. फक्त नाव लिहा. नाव कळलं की मी सांभाळीन स्वतःला.

अस्मिता


सोलापूर
१० फेब्रुवारी १९९८, दुपारी बारा

चि. अस्मितास अनेक आशीर्वाद.

पहिलं हे वाच. कोणीही गेलेलं नाही. मी आहे, अवधूत आहे, त्याचे दोन्ही मित्र आहेत, दादा आहे. आता बैस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

चूक माझी आहे. हे गेले तेव्हा भावजींनी गठ्ठाभर कार्डं आणून सगळ्यांचे कोपरे एकदमच फाडून ठेवले होते. उरलेली त्याच खणात राहिली. मी चष्म्याविना, आणि अवधूतला वाटलं उंदराने कुरतडलं असेल. त्याला तरी कसं कळणार? आपल्या घरात असं कार्ड उंबरठ्याच्या आत येतच नाही, तुम्हा मुलांनी ते कधी पाहिलेलंच नाही. दादाने मात्र बघितलं काय, तर सोलापूरचा शिक्का, अवधूतचं अक्षर आणि फाटलेला कोपरा. त्याने पुढे वाचलंच नाही. त्याच्या लेखी मी गेले होते आणि मुलगा मला पोहोचवायला थांबला होता.

काल संध्याकाळी साडेसातला मी पोरांना पिठलं वाढत होते. पोरं विजापूरहून नुकतीच आली होती. दारात दादा उभा. पिठल्याची पळी हातात धरलेली मी, आणि तो माझ्याकडे बघतोय. म्हणाला, तू घरी आहेस? आणि पायरीवरच बसला. घामाने निथळत होता. संजय धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि आठ दिवस जिना चढू नका म्हणून बजावलं. रात्रभर अवधूत त्याच्या उशाशी होता. आम्ही तुला फोन लावत होतो, पण तुमचा तो मेलेलाच.

दादाला सगळं उलगडल्यावर तीन महिन्यांनी मुलाशी त्याने काढलेला पहिला शब्द काय होता, सांगू? गाढव. पण अस्मिता, त्यापुढे दुसरा शब्द नाही. कार्डात काय लिहिलं होतंस, हे दादा विचारत नाही. मी काय लिहिलं होतं, हे हा सांगत नाही.

अकराला बापूराव आले, गोळ्या मिळाल्या, चिठ्ठी मिळाली. ती अवधूतने वाचून दाखवली, मला भरून आलं. आणि गोळी घेतल्या घेतल्या तुझ्या बापाने अनिरुद्धला विचारलं, अहो, तुमच्या गाडीत मागे जागा आहे का? चौघं आत्ताच विजापूरला गेले. मी शपथ घातली की खालूनच बघ, वर चढू नकोस. त्याने हो म्हटलं नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

बापूराव खोळंबलेत. आमच्यावरचा राग घरी आल्यावर काढ, माया मात्र तशीच ठेव.

तुझी
मंदाआत्या


बिबवेवाडी, पुणे
२१ फेब्रुवारी १९९८

चि. मंदास अनेक आशीर्वाद.

तू जिवंत असल्याबद्दल आभार. एसटीत सहा तास मी तुझ्यासाठी रडलो, शेजारच्या प्रवाशाने मला केळं दिलं. ते रडणं फुकट गेलं याचा मला आनंद आहे, हे एकदा लिहून टाकतो.

तुझी शपथ मोडली. घुमटाच्या जिन्याशी मी तुझ्या भाच्याला म्हणालो, एकतीस वर्षं पोरांना सांगितलं की वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं तर समोरच्या टोकाला ऐकू येतं. ते खरं आहे की मी थापा मारल्या, हे मला बघायचंय. तो नको म्हणाला. मी चढू लागलो तसा पुढे झाला, आणि दर दहा पायऱ्यांना माझा दंड धरून मला बसवलं. पायऱ्या उंच आहेत. चौथ्या मजल्यावर छाती इतकी धडधडू लागली की मला वाटलं, तुझं कार्ड माझ्या नावाने खरं ठरतंय. त्याने हात दिला. तो मला सोडवत नव्हता.

वर एक सहल आली होती. दोनशे पोरं किंचाळत होती. मी एका बाजूला बसलो, तो पार समोर जाऊन भिंतीला तोंड लावून उभा राहिला. त्याची फक्त पाठ दिसत होती. बराच वेळ बोलला. मला पोरांच्या शिट्ट्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. मग मीही बोललो. खाली उतरल्यावर तो म्हणाला, बाबा, ऐकू आलं. मी म्हटलं, मलाही. दोघंही खोटं बोललो असणार. मी त्या भिंतीला काय सांगितलं ते तुला सांगणार नाही.

अठराला तो गेला. विमानतळावर त्याने वाकून नमस्कार केला आणि मला आशीर्वादही धड देता आला नाही, रुमाल काढून नाक पुसत राहिलो. अस्मितेने पाहिलं. घरी आल्यावर मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

काल कार्ड आलं. मुंबईचा शिक्का, निघायच्या दिवशीच टाकलेलं. मी आधी कोपरे मोजले. चारही होते. मगच चष्मा लावला. त्याने लिहिलंय, सोलापूरहून पाठवलं होतं तेच पुन्हा लिहितो. आणि खाली दोन ओळी आहेत. नोकरी सोडताना तुम्हाला विचारलं नाही, ही माझी चूक. नोकरी सोडली, ही चूक नाही.

मी परत परत वाचलं. मग तपासायची तांबडी पेन्सिल शोधून काढली आणि दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली. कार्ड घरात ठेवलं आहे.

चष्मा दुरुस्त करून घे, तो खण रिकामा कर, आणि या भावावर लोभ ठेव.

तुझा
दादा