तिसरीचा निकाल

किसी (केनिया), ४ मार्च २०१९

चि. अमोनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. चहाची खुडणी चालू आहे, गुडघे कुरकुरतात. तुझी लेक शाळेत जाऊ लागली हे वाचून फार बरं वाटलं.

पण मोठ्यांच्या शाळेचा अर्ज तू भरत नाहीयेस. लिहितेस, "बाई, मी तिसरीत नापास झालेली, माझ्या डोक्यात आता काय शिरणार?" ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तुमच्या तुर्काना मुलखात मी शिकवायला आले तेव्हा तुमची भाषा मला ओ की ठो कळत नव्हती. तू आईबरोबर बाजारात बसून स्वाहिली शिकलेली. मी स्वाहिलीत एक वाक्य बोलायची, तू ते तुमच्या भाषेत हातभर सांगायचीस आणि वर्ग खिदळायचा.

"काय सांगितलंस गं?"

"बाईंना उंट मोजता येत नाहीत, आपण शिकवू या."

वर्षअखेरीस सगळा वर्ग फळ्यावरचा धडा तुझ्या मदतीशिवाय वाचू लागला, तेव्हा मी पाठ फिरवून रडले. एवढं सुख मला पोटच्या मुलांनीही दिलं नाही.

पण पुढच्या वर्षी नवी मुलं येणार होती, आणि तिसरी पास झालेल्या मुली लांब लॉडवार शहरातल्या वसतिगृहात जाणार होत्या. तू गेलीस की मी पुन्हा मुकी. मी निकालात तुला नापास केलं.

तुझे वडील शाळेत आले. त्यांचं बोलणं मला तूच सांगितलंस, मान खाली घालून. "बाबा म्हणतात, ही दोनशे शेळ्यांत एक चुकत नाही. तुमच्या शाळेत मोजता तरी काय?"

मी म्हटलं, "सांग त्यांना, पोरगी कच्ची आहे. अजून एक वर्ष ठेवू."

आणि तू ते सांगितलंस. माझं खोटं मी तुझ्याच तोंडून तुझ्या बापाला ऐकवलं. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, ते तुला घेऊन कळपामागे युगांडाच्या हद्दीकडे गेले, आणि तुझी शाळा सुटली ती सुटलीच. मला मात्र जिल्ह्याचं उत्तम शिक्षिकेचं बक्षीस मिळालं. मी ते हसत घेतलं.

अमोनी, तू नापास झाली नव्हतीस. वर्गात पहिली आली होतीस. हे मी आपल्या त्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही लिहून कळवलंय. मला माफ कर म्हणायची माझी लायकी नाही. रागाव, शिव्या दे, पण अर्ज भर.

तुझी बाई म्हणवून घ्यावं की नाही, ते तू ठरव.

न्याबोके