तेर्सेरोचं खासगी नेटवर्क

३ मे, दुपार
व्हिएतनामच्या बंदराबाहेर नांगर टाकून पडलोय. किनारा दिसतो, जाता येत नाही. बंदरावरचा एजंट रोज, उद्या आत घेतील, म्हणतो. म्हणू दे. आज सामानाच्या बोटीतून माझा ट्रॅव्हल राउटर आला!

सतरा तारखेला माझ्या पोरीला, जेनिलिनला, अठरावं लागतं. घरी, फिलिपिन्समध्ये, इलोइलोला हॉल ठरलाय. आमच्याकडची रीतच आहे, अठरा गुलाब, अठरा नाच, पहिला बापाचा. बाप जहाजावर, म्हणून बाप टॅबवर नाचणार. मेसरूममध्ये नाही, तिथे कराओकेचा धिंगाणा. स्वतःच्या केबिनमध्ये, स्वतःच्या नेटवर्कवर. मी थर्ड इंजिनिअर, जहाजावरचा तेर्सेरो. एवढं इंजिन सांभाळतो, ही डबी ती काय!

४ मे
माहितीपत्रक वाचलं नाही. नेटवर्कला नाव दिलं, पासवर्ड दिला. नाव लपवायची सोय दिसली, लपवलं. मग मलाच सापडेना. मागच्या भोकात टाचणी खुपसून पुन्हा श्रीगणेशा.

लागलं! जहाजाचं वाय-फाय विकतच्या डेटा कार्डावर चालतं, एका कार्डावर एकच फोन घेतं. राउटर तो एक फोन होतो आणि मागून कितीही जोडा. माझं कार्ड भरपूर डेटाचं आहे, नाचासाठी राखलेलं. पासवर्ड कुणालाही देणार नाही. सख्ख्या भावालाही नाही.

७ मे
खानसामा मायोर वाटीभर पानसित घेऊन केबिनमध्ये आला. तेर्सेरो, तू वाळलास रे, म्हणाला. बसला. उठेना. शेवटी म्हणाला, माझं कार्ड संपलंय, बायकोला फक्त गुड नाइट म्हणायचंय. नूडल्स तोंडात असताना नाही कसं म्हणणार? पासवर्ड दिला. फक्त त्याला.

९ मे
डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बोसन, माझ्याशी बोलत नाही. जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की काही लोक मोठे झाले बुवा, व्हीआयपी झाले. ताट उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. दिला. पण मेसेजपुरताच, असं बजावलंय.

१३ मे
एजंट अजून उद्याच म्हणतोय. आता पासवर्ड सगळ्यांकडे आहे. ही उदारता नव्हे, नियोजन आहे. सतराच्या आधी बदलून टाकणार.

१६ मे
बदलायला बसलो. उद्या जेवणाच्या टेबलावरचे चेहरे डोळ्यांसमोर आले. नको. त्याऐवजी उद्या संध्याकाळी नेट वापरू नका, असं सगळ्यांना समजावून सांगायचं ठरवलं. मेसमध्ये उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं ते आमंत्रण! माझ्या पोरीचा नाच बघायला सगळ्यांनी या म्हणालो. टाळ्या पडल्या. म्हणजे नाच आता मेसरूममध्येच. राउटर तिथे नेईन. माणसं काय, नुसती बघणार.

१७ मे, संध्याकाळ
मायोरने स्वतःचा बारोंग, समारंभाचा शर्ट, दिला. पोटावर घट्ट होता. जेनी दिसली, पांढऱ्या झग्यात. पापा म्हणाली. गाणं लागलं. मी हात पुढे केला.

टॅब लहान, मागच्यांना दिसेना. म्हणून एकेकाने आपापल्या फोनवर हॉलचं लाइव्ह उघडलं. माझ्याच नेटवर्कवर. जेनीने पहिलं पाऊल टाकलं आणि पडदा गोठला. कार्ड संपलं.

मी थांबलो नाही. तिकडे दिसत असेन असं धरून पूर्ण गाणं नाचलो. एक पाऊल चुकलं नाही. बोसन रडला. एकूण कार्यक्रम छान झाला.

१८ मे, सकाळ
कॅप्टनने ऑफिसात बोलावलं. माझ्या बायकोने, मारिव्हेलने, जहाजाच्या ईमेलवर निरोप पाठवलाय. तो त्याने माझ्याकडे न बघता वाचला. जेनी गाणं संपेपर्यंत फोनसमोर हात पुढे करून उभी होती, माझ्या जागी नाचायला मामाला मध्ये येऊ दिलं नाही. विचारते आहे, पापा तिकडे नाचले का?

उत्तर इथूनच पाठव, कॅप्टन म्हणाला. मला वाटलं, कंपनीच्या मेलवर असलं घरगुती काय लिहायचं? गरज नाही सर, म्हणालो, माझं खासगी नेटवर्क आहे.

केबिनमध्ये येऊन लिहिलं, हो बाळा, पूर्ण गाणं. जात नाही. वाय-फायच्या रेघा सगळ्या भरलेल्या आहेत.

नवीन कार्ड फक्त बोसनकडे आहे. जपून ठेवलंय म्हणे. त्याची केबिन शेजारचीच, मधे एक भिंत. जाऊन मागावं, दोन मिनिटांचं काम.

पण वाईट दिसेल.