अमेरिकन पद्धतीचं अजिंक्यपद

अबू हलीफा, कुवेत
१८ नोव्हेंबर १९९१

तीर्थस्वरूप विश्वासमामांस, भाचा चंद्रहास याचा कुवेतहून वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आणि आपलं साप्ताहिक, दोन्ही चालत असतील अशी आशा आहे. इकडे तेलविहिरींच्या आगी विझल्यापासून माझा खोकला बराच उतरला आहे.

पत्रास कारण की, आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे मशीन बसवायला दोन अमेरिकन आले आहेत. (जुनं मशीन इराकी सैनिकांनी नेलं. माझी खुर्ची तेवढी ठेवली, त्यावरून तिची लायकी ओळखा.) दोघे आठवडाभर भांडताहेत आणि मशीन खोक्यातच आहे. भांडण कशावरून, तर त्यांच्याकडच्या कॉलेजांच्या फुटबॉलात नव्वद साली देशात पहिलं कोण! (हा फुटबॉल पोटाशी धरून पळतात. असो.) एक म्हणतो कोलोरॅडो, दुसरा म्हणतो जॉर्जिया टेक, आणि दोघंही खरे. तिथे म्हणे अंतिम सामनाच नसतो. पत्रकारांनी मतं देऊन एकाला विजेता केलं, प्रशिक्षकांनी दुसऱ्याला. कोलोरॅडो एक सामना चक्क हरलेले, आणि एक तर पंच मोजायला चुकले म्हणून जास्तीची संधी मिळून जिंकलेले. जॉर्जिया टेक एकही न हरलेले. मी म्हटलं, मग दोघांना एकदा खेळवा की! तर दोघं एक होऊन माझ्याच अंगावर आले. जगाला शिस्त लावायला निघालेत, पण घरच्या पोरांत पहिला नंबर कुणाचा ते ठरवता येत नाही.

पद्धत मात्र मला आवडली. आमच्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेचा गेल्या वर्षीचा अंतिम सामना ३ ऑगस्टला होता आणि २ तारखेला रणगाडे आले. तेव्हापासून विजेत्यांच्या फळ्यावर नव्वद सालापुढची जागा रिकामी आहे. मामा, खरं सांगतो, त्या फळ्यावर एकदा आपलं नाव लागावं असं फार वाटतं. शाळेत लागलं नाही, नोकरीत लागलं नाही. म्हणून मी मतदान ठेवलं. प्रेक्षकांची मतं हमीदला गेली (हा आपल्या दापोलीकडचा, इथे कुवेत शहरात दस्मानला दुकान आहे, मतदानाच्या दिवशी बिर्याणी घातल्यावर आणखी काय होणार?). जाणकारांच्या समितीने एकमताने मला निवडलं. (समितीत सध्या मी एकटाच आहे, बाकीचे जाणकार भारतातून परतायचे आहेत.) हमीदला हे पटत नाही. "महिनाभर थांब रे, काय ते बोर्डावरच बघू," एवढंच त्याचं पालुपद. खिलाडूवृत्ती म्हणून नाही माणसाला!

आपला आज्ञाधारक,
चंद्रहास

ता. क. : आता पत्रकारांचं मत तेवढं राहिलंय, आणि आमच्या ओळखीचे पत्रकार आपणच. 'कुवेतचा नव्वद सालचा कॅरमविजेता चंद्रहास' एवढ्या दोन ओळी छापाव्यात. फोटो सोबत आहे.

आणखी एक ता. क. : आपली सूनबाई, म्हणजे आमची रसिका, पुढच्या महिन्यात इकडे यायला निघेल, त्याच्या आत छापा आणि तो अंक तिच्या हाती लागू देऊ नका. पहिल्या फेरीत मला तिनेच हरवलं होतं. हमीदशी अंतिम सामना तिचाच आहे.